हर्रास बोलणाऱ्याचा घसा

आमच्या रिसोडात ‘बँड’ म्हटलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो, "वरात किती वाजेपर्यंत?" दुसरा प्रश्न, "घोडी तुमची का आमची?" ‘वखर’ हे आमच्या बँडचं नाव. आमच्याकडे घोडी नाही, आणि असती तर पहिल्याच गाण्याला दावं तोडून थेट केनवडला पोचली असती.

आम्ही हेवी मेटल आणि हिपहॉप एकत्र वाजवायचो. हे वाक्य इतक्या लोकांना सांगून झालंय, की आता सांगताना माझा मलाच कंटाळा येतो. तरी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हेवी मेटल म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडून जाड करायचा, ड्रम छातीत बसेल असा ठोकायचा आणि गाणाऱ्याने त्यावर डरकाळी काढायची. हिपहॉप म्हणजे ठेक्यावर भराभर बोलायचं. सूर नसला तरी चालतो, ठेका सुटला की मेलात. दोन्ही एकत्र केलं की बहुतेक वेळा भांडण होतं. आधी वाजवणाऱ्यांत, मग ऐकणाऱ्यांत. पण एखाद्या वेळी जमून येतं, आणि ते एकदा जमलं की माणसाला दुसरं काही गोड लागत नाही.

माझा पोटापाण्याचा धंदा मोटार रिवायंडिंगचा. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळतात, त्यांतली जुनी तार काढून नवी भरायची. बसून करायचं काम, आणि मला बसवत नाही. लहानपणापासून माझा एक पाय हलतच असतो. आई म्हणायची, "पाय हालवू नको विलास, लक्ष्मी जाते." लक्ष्मी तशीही आमच्याकडे कधी आली नव्हती, म्हणून मी हलवत राहिलो. पुढे त्या पायाचं काहीतरी करावं म्हणून एक जुनी गिटार घेतली आणि दुकानातल्या भंगारातून अँप्लिफायर जोडला. त्यातून आवाज फाटका यायचा. आठ दिवस दुरुस्तीची खटपट केली, मग लक्षात आलं की फाटकाच बरा वाटतो. बेस गिटार वाजवणारा माणूस तालुक्यात नव्हता, म्हणून माझ्याच गिटारच्या तारा ढिल्या करून आवाज खाली नेला. पुढे पुण्याच्या एका जाणकार पोराने विचारलं, "हे ट्यूनिंग कुठलं?" म्हटलं, रिसोडचं.

ड्रमवर गजा. लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवून तयार झालेला गडी, त्यामुळे सलग चार तास ठोकूनही याचा हात उतरत नसे. डरकाळीला प्रशांत. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. दिवसभर अभ्यासिकेत तोंड शिवून बसायचा आणि साठलेलं सगळं आमच्याकडे येऊन बाहेर काढायचा. या डरकाळीचं एक शास्त्र असतं. ती गळ्याने काढायची नसते. श्वास पोटातून यावा लागतो, गळा मोकळा सोडावा लागतो, नाहीतर थोड्याच दिवसांत आवाजाचं मातेरं होतं. प्रशांतने मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून दोन वर्षं हे घोटवलं होतं. मला हे माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो.

रॅप करणारा मात्र मिळत नव्हता. कॉलेजची पोरं यायची, हात वाकडेतिकडे करायची आणि दुसऱ्याच ओळीला ठेका सोडायची. मग एक दिवस बाजार समितीतून बोलावणं आलं. धान्य साफ करायच्या चाळणीची मोटार बसली होती. मी ती उघडून बसलो होतो आणि पलीकडे सोयाबीनचा हर्रास चालू होता. हर्रास म्हणजे लिलाव. ओट्यावर शेतकऱ्यांच्या मालाचे ढीग ओळीने लागलेले असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ढिगापाशी थांबतो, मूठभर दाणे उचलतो, एखादा दाताखाली धरून ओल पाहतो, आणि मध्ये उभा असलेला अडत्याचा माणूस भाव पुकारत जातो. तो पुकारा थांबला की भाव तिथेच मरतो. म्हणून पुकारणाऱ्याने श्वास कुठे घेतला हे कोणालाही कळता कामा नये.

त्या दिवशी पुकारणारा होता संतोष. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, अंगाने काडी, पण आवाज असा की शेवटच्या ओट्यावरचा म्हातारा तंबाखू मळता मळता वर बघायचा. मी त्याचे शब्द ऐकतच नव्हतो. माझा पाय हलायला लागला होता, आणि दहा मिनिटांनी कळलं की तो संतोषच्या बोलण्यावर हलतोय. एकाही ठिकाणी ठेका तुटला नव्हता. मोटारीचं झाकण तसंच उघडं टाकून मी त्याच्यापाशी गेलो.

"भाऊ, गानं म्हनतं का?"

"मी? मले तं आरती बी येत नाई."

"आरती नोको. हेच म्हन. फक्त मागून आमी वाजवतो."

तो हसला. "मंग वाजवा ना, कोन नाई म्हनते?"

असा संतोष आला. सराव अमावास्येला ठरला, कारण त्या दिवशी मार्केट बंद असतं आणि मीही दुकान बंद ठेवतो. शटर खाली ओढून, भिंतींना सोयाबीनच्या पोत्यांचा बारदाना टांगून भर दुपारी आमचं चालायचं. बाहेरून जाणाऱ्याला एवढंच कळायचं की अमावास्येला या बंद दुकानातून कोणीतरी डरकाळ्या फोडतंय. समोरच्या किराणावाल्याने दारावरचं लिंबू-मिरची एकाचं दोन केलं.

केनवडकडच्या एका लग्नातला प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नवरदेव आमचा चाहता. त्याने घरी नुसतं "बँड सांगितला" एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे त्याचे वडील पितळी वाजंत्र्यांची वाट बघत होते आणि जीपमधून उतरलो आम्ही. पहिल्या गाण्यात प्रशांतने डोळे मिटून डरकाळी काढली, आणि मंडपातल्या बायका बाजूला सरकल्या. नवरदेवाची आत्या मात्र सरकली नाही. हळदीकुंकवाचं ताट घेऊन ती सरळ प्रशांतपुढे आली, त्याच्या कपाळावर मळवट भरला, डोक्यावरून लिंबू उतरवलं आणि हात जोडून म्हणाली, "माय, कोन हायेस तू? काहून आली? काय पाह्यजे तुले, सांग!"

गजाने ठोकणं थांबवलं. प्रशांत सकाळपासून उपाशी होता. त्याने एक डोळा उघडला आणि त्याच आवाजात म्हणाला, "चहाऽऽऽ!"

पाच मिनिटांत आम्हा चौघांना चहा आला. आत्याबाई पुढे कार्यक्रमभर हात जोडून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. इतका श्रद्धाळू श्रोता आम्हाला पुन्हा मिळाला नाही.

मग प्रशांतची निवड झाली. नोकरी लांबच्या जिल्ह्यात. आम्ही त्याला पेढे भरवले आणि मनातून त्याच्यावर चिडलो, कारण पंधरा दिवसांवर वाशीमच्या एका कॉलेजचा कार्यक्रम होता. मी संतोषला म्हटलं, रॅप तर तू करतोसच, डरकाळ्याही तूच मार.

"मले जमंल का?"

"दिवसभर बोंबलतच असते ना बे तू. हे तं दोन मिंटाचं काम."

पोटातून, गळ्यातून हे शास्त्र मी त्याला सांगितलं, नाही असं नाही. जेवायला वाढताना ‘सावकाश जेवा’ म्हणतात तसं सांगितलं. त्याने गळ्यातूनच काढली. सकाळी मार्केटला हर्रास, संध्याकाळी माझ्या दुकानात डरकाळ्या. आठवड्याभरात त्याचा आवाज बसला आणि त्याला एक खरखर आली, वाळूवर पत्रा ओढावा तशी. आणि आम्ही काय केलं? आम्ही खूश झालो. गजा म्हणाला, "आता लागला खरा आवाज!" मीही तेच म्हणालो. फाटलेला आवाज दुरुस्त करायचा नसतो, हे मी अँप्लिफायरवर शिकलो होतो. तेच माणसाला लावलं. दुसऱ्या कोणाच्या घरी आवाज बसला तर हळद-दूध देतात. आम्ही टाळ्या दिल्या.

वाशीमचा कार्यक्रम असा झाला की पोरं स्टेजवर चढली. परतताना जीपमध्ये मला बसवेना, अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवून मी उगाचच खाली उतरून चाललो. संतोष मागे गमछा गळ्याला गुंडाळून बसला होता. बोलत नव्हता. मला वाटलं, दमला.

त्यानंतर आम्ही ठरवलं, एक गाणं नीट रेकॉर्ड करायचं. गाण्याचं नाव ‘हर्रास’. शब्द संतोषचेच:

बोला बोला बोला, काहून थांबले, बोला,
ऊन बी बोला, घाम बी बोला,
बियाचं बोला, खताचं बोला,
दाताखाली धरून पाहा, अन् मंग मोल बोला!

रेकॉर्डिंग येत्या अमावास्येला. तिच्या चार दिवस आधी वर्षावहिनी, म्हणजे संतोषची बायको, दुकानात आली. याआधी ती कधीच आली नव्हती. पायरीवरच उभी राहिली.

"भाऊजी, यायचा घसा लई दुखून राह्यला. पानी गिळाले बी तरास होते. घरी तं इशाऱ्यानंच बोलतात. दवाखान्यात चाला म्हनलं तं म्हनतात, रेकार्डिंग झाल्यावर पाहू."

मी तार गुंडाळत होतो. हात थांबवला नाही. म्हटलं, "वहिनी, चार दिवसाचा तं प्रश्न हाये. अमावस्या होऊ द्या, मंग मी सोता अकोल्याले घेऊन जातो त्याले."

तिने माझ्या हातातल्या तारेकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमचं पोट तुमच्या हातावर हाये भाऊजी. त्यायचं घशावर हाये."

मी म्हटलं, "मले काय समजत नाई का वहिनी?"

समजत होतं. तेच तर वाईट आहे. समजत नसतं तर आज हे लिहिताना चार वेळा उठून दारापर्यंत जाऊन आलो नसतो.

अमावास्येला पंखा बंद करून बसलो, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. बारदान्याची धूळ, घामाच्या धारा. गजाचे आणि माझे भाग लवकर झाले. मग संतोष. पहिल्या तीन टेकमध्ये काही ना काही चुकलं. चौथ्यात बाहेरून ट्रॅक्टर गेला. पाचव्यात त्याला खोकला आला. सहावा टेक सरळ गेला, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. एक चूक नाही. गजाने हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाला, "झालं बाप्पा. चाला, चहा प्याले."

मी म्हटलं, "अजून एक."

का म्हटलं, ते मला आजही सांगता येत नाही. जमलेलं तसंच ठेवणं मला कधी जमलंच नाही. चांगली चालणारी मोटारसुद्धा मी उघडून बघतो. संतोषने माझ्याकडे पाहिलं, ज्येष्ठमध घातलेल्या गरम पाण्याचा एक घोट घेतला, मान हलवली आणि पुन्हा माइकपुढे उभा राहिला.

सातव्या टेकच्या दुसऱ्या कडव्यात, ‘मंग मोल बोला’तल्या ‘बोला’वर त्याच्या आवाजाचे दोन तुकडे झाले. एक वर गेला, किंचाळल्यासारखा. दुसरा खालीच राहिला आणि मग नुसती हवा. पुढचं सगळं कडवं त्याने त्या हवेवर ओढून नेलं. अंगावर काटा आला. मी उडी मारून त्याला मिठी मारली, गजा पत्र्याच्या पेटीवर हात बडवायला लागला. संतोषही हसला. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, हे तिघांपैकी दोघांच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळीच मी तोच सातवा टेक लावून गाणं इंटरनेटवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजाचा फोन आला. "मार्केटात ये. लवकर ये."

संतोष पहिल्या ढिगापाशी उभा होता. भोवती दहा-बारा व्यापारी. त्याच्या मुठीत दाणे होते आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता. कोणीतरी म्हणालं, "काय बे, सायलेंटवर ठुला का?" घोळका हसला. संतोषने घसा साफ केला, पुन्हा ओठ हलवले. आता कोणी हसलं नाही. ज्याचा ढीग होता तो म्हातारा शेतकरी पुढे आला आणि त्याने आपल्या बाटलीतलं पाणी संतोषला दिलं. संतोष प्यायला. गिळताना त्याचा चेहरा मी पाहिला. मग अडत्याने दुसऱ्या एकाला खुणेने पुढे बोलावलं, आणि त्याने पुकारायला सुरुवात केली. संतोष दोन पावलं मागे सरकला. मुठीतले दाणे त्याने वाकून परत ढिगावर ठेवले.

अकोल्याला मी नेलं, दिलेला शब्द पाळल्यासारखं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. आवाजाच्या पडद्यांवर आधीच गाठी झाल्या होत्या, आणि त्यावर आता रक्त साकळलं होतं. त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?" संतोषने तीन बोटं दाखवली. "तीन दिवस?" त्याने नकाराची मान हलवली. "तीन आठवडे?" पुन्हा मान हलवली. तीन महिने. म्हणजे प्रशांत गेला तेव्हापासून. डॉक्टर माझ्याकडे वळले, "तुम्ही कोण यांचे?" मी म्हणालो, "मित्र." ते म्हणताना मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

ऑपरेशन झालं. मग मौन. मग सकाळ-संध्याकाळ आवाजाचे व्यायाम. डॉक्टर शेवटी म्हणाले, "गाठी काढल्यात, पण पडद्यांना जो व्रण पडायचा तो पडलाय. लवकर यायला हवं होतं." आता संतोष बोलतो ते कुजबुजल्यासारखं, कान जवळ नेऊन ऐकावं लागतं. अडत्या माणूस भला, त्याने संतोषला काढलं नाही, काट्यावर बसवलं. पोतं चढतं, आकडा येतो, संतोष तो लिहून घेतो. दहा पावलांवर हर्रास चालू असतो. नवा पुकारणारा बरा आहे. श्वास कुठे घेतो ते कळतं.

कार्यक्रम बंद झाले. आणि गाणं? गाणं असं पसरलं की आमचं आधीचं काहीच तसं पसरलं नव्हतं. ट्रॅक्टरवर वाजायचं, पोहरादेवीला निघालेल्या जीपमधून वाजायचं. पोरं मला रस्त्यात थांबवून विचारायची, "विलासभाऊ, तो आवाज जिथं फाटते ना, ते कसं काढलं बे?" एक दिवस मार्केटात ट्रक उभा होता आणि ड्रायव्हरने तेच गाणं लावलं होतं, काट्याच्या अगदी बाजूला. संतोष मान खाली घालून आकडे लिहीत होता. मी तिथून चालत दुकानात आलो, दुकानातून घरी, घरून पुन्हा दुकानात. शेवटी मोबाइल काढला आणि गाणं इंटरनेटवरून काढून टाकलं. वाटलं, निदान एवढं तरी केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी संतोष दुकानात आला. मी मशीन बंद केलं, म्हणजे त्याचं ऐकू येईल.

"गानं कुठं गेलं?"

"काढलं."

"काहून?"

"ऐकवत नाई बे मले. जिथं जाव तिथं तेच. तुले बी तरास होत असन."

"मले इचारलं व्हतं का?"

नव्हतं विचारलं. सातव्या टेकलाही नव्हतं.

तो बाकावर बसला. दम घेत घेत बोलला. "वर्षा रोज लावते सैपाक करताना. परवा लावाले गेली तं नाई. लई रडली. घरात माहा आवाज तेवढाच व्हता, विलासभाऊ. तो बी तूच काढला."

मी मोबाइल घेतला आणि गाणं परत टाकायला लागलो. नेटवर्क कधी नव्हे इतकं हळू होतं. गाणं चढलं तसं त्याने आपल्या मोबाइलवर लावून पाहिलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. दुसऱ्या कडव्याला मी खाली बघितलं. त्याने नाही बघितलं.

मग तो मार्केटला जायला उठला. पायरीवर थांबला, आणि वळून काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही, म्हणून मी उठून त्याच्याजवळ गेलो, कान त्याच्या तोंडापाशी नेला. त्याने पुन्हा सांगितलं.

"सहावा बी चांगला व्हता."